अकरा वर्षांचे मैल

लेकीच्या शहरापेक्षा त्यापुढच्या शहराचं विमानाचं तिकीट स्वस्त आणि त्यावर कंपनी खात्यात जमा करते ते बक्षिसाचे मैल जास्त, म्हणून मैलोबांनी तेच काढलं. विमान बदलायला लेकीकडे उतरलं, की नवराबायकोने तिथूनच सटकायचं; कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं. चारला तिचं ऑपरेशन होतं. आईला पाहिल्याशिवाय ती सही करणार नव्हती. विमान तासभर लांबलं, तरी वेळेत पोचलं असतं. पण काउंटरवरच्या मुलीने हसत दोन नवे पास पुढे केले. “काका, पुढचं विमान चुकलं असतं. आता थेट विमान, मध्ये उतरायलाच नको!” “वा!” मैलोबा सवयीने म्हणाले. “अहो, खरं सांगा,” बायको कुजबुजली. “अगं, मैलांचं खातं बंद करतील! अकरा वर्षांचे मैल आहेत.” बायकोने पास परत सरकवले. “पोरी, आम्हाला मधेच उतरायचंय. ह्यांनी फसवलंय तुम्हाला. अहो, खात्याचा नंबर सांगा, करू दे बंद.” मैलोबांनी तोंडपाठ आकडे एकेक करत सांगितले, शेवटचा जरा हळू.