ओ

गेल्या वर्षी गोदाघाटावरच्या बाजारात कुणीतरी चॉकलेट दाखवलं, तर चार वर्षांची वेदिका त्याच्यामागे चालायला लागली होती. तेव्हापासून तिची आई शुभांगी तिला घरी हाकेला ओ न द्यायची सवय लावत होती. पोरीला कॉटमागे बसवायचं आणि बापाने लाडीगोडीने हाका मारायच्या. आधी पोर लगेच ओ द्यायची. हल्ली दोन्ही हात तोंडावर दाबून बसायची. शुभांगीला केवढं कौतुक!

आज घाटावर फुलांच्या पाट्यांमागे, ताडपत्रीखाली तिला बसवून शुभांगी म्हणाली, "मी येईपर्यंत कुणालाही ओ द्यायची नाही." आणि टेम्पोतला झेंडू आणायला वर रस्त्यावर गेली.

तेवढ्यात धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला. सगळा बाजार पायऱ्यांवरून वर धावत सुटला. त्या गर्दीत शुभांगीला खाली पाय टाकता येईना. ज्याच्यावरून पूर मोजतात, त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं.

शेजारी बसणारी नवसाबाई धापा टाकत वर आली.

"मावशी, वेदिका कुठंय?"

"तुझ्यासंगं नाय का? लय हाका मारल्या गं. ओ आली नाय, म्हटलं तूच घेऊन गेलीस."