अर्धा डबा

सिरसाळ्याच्या बाजारात वनमालाची पिठाची गिरणी होती. दळणाच्या गडबडीतही ती मांडीवर वही घेऊन गोष्ट लिहायची, आणि तिला सुचायचं ते फक्त गिरणीच्या घरघरीत. दळण संपलं की पेनही अडायचं.

त्या दिवशी भर दुपारी तुळजाबाईंनी नळीखाली रिकामा डबा ठेवला, शेजारी ज्वारीची बांधलेली पिशवी ठेवली, आणि लाईट गेली.

"आली की दळून ठेव गं," म्हणत त्या भाजी घ्यायला गेल्या.

दोन महिने गोष्ट एकाच पानावर अडकली होती. तरी सवयीनं वनमालानं वही उघडली, एक वाक्य लिहिलं आणि ओळखीची घरघर सुरू झाली. तिनं मान वर केली नाही. कितीतरी दिवसांनी हात असा सुटला होता. पानामागून पान भरत गेलं, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"गावात लाईट न्हाई, अन् तुझी गिरणी कशी चालू हाय?" तुळजाबाई दारात उभ्या होत्या.

वनमालाचं पेन थांबलं. घरघर थांबली. गिरणीचा पट्टा तर हललाही नव्हता.

तिनं पेन कागदावर टेकवलं. घरघर पुन्हा सुरू झाली. पट्टा होता तसाच होता.

तुळजाबाईंनी पिशवीची गाठ चाचपली. ती सुटलेली नव्हती. मग त्यांनी डब्यात हात घातला. पीठ गरम होतं.

त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"लिही बाई, थांबू नगं. डबा अजून अर्धाच भरलाय."