बगलफूट

धुळ्याच्या कचेरीत कारकून झालेला रतिलाल दोन वर्षांनी प्रकाशा या आपल्या गावी घरी आला आणि आल्या आल्या परसातली टमाट्याची झाडं पाहून त्यानं नाक मुरडलं.

"भिला, काय रान माजवून ठेवलंयस? आमच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर झाडाला एकच खोड ठेवतात. बाकीच्या फुटी फुकट्या. खातात, देत काही नाहीत."

बोलता बोलता तो पानांच्या बगलेतल्या कोवळ्या फुटी नखानं खुडून धाकट्या भावाच्या पायाशी टाकत होता.

"एकालाच पोसलं की फळ मोठं येतं. पण तुला अडाण्याला हे कोण सांगणार?"

भिलानं विळा खाली ठेवला.

"माले पहिलेच सांगेल शे, भाऊ. तुले शिकाडाकरता बापनी माले तिसरीमा शाळामाईन काढं, तव्हय त्यानी हाईच सांगेल व्हतं."

त्यानं भावाचा परीटघडीचा कोट झाडावरचं फळ न्याहाळावं तसा खालीवर न्याहाळला.

"फय मोठं उनं, खोटं नही. पन बाप गया तव्हय तुले तार धाडी व्हती, तू उना नही. त्याले आग ह्या फुकट्यानीच दिधी."