काथ्याने बांधलेला बाक

ते २०१९ साल. "मोबाइलवर आलेला नंबर तुम्हीच त्याला सांगितलात, मग बँक काय करणार?" मॅनेजर हसून म्हणाला. समोर द्वारकाबाई रडत होत्या. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या चोराने त्यांची सगळी पुंजी लुटली होती.

सोबत आलेल्या कुमुदताई भडकल्या. "हसता काय? पूर्वी इथला कॅशियर आम्हाला आवाजावरून ओळखायचा. तुम्ही आम्हाला काउंटरवरून हाकललंत, हातात फोन दिलात. चोराचा आवाज ओळखायला कोण शिकवणार?"

मग कुमुदताई बँकेतल्या मोडक्या बाकावर बसलेल्या पेन्शनवाल्यांकडे वळल्या. "बँकेतून फोन आला, तर विचारा, आपल्या बाकाचा पाय कशाने बांधलाय? 'काथ्याने' म्हणाला नाही, तर मेल्याला शिव्या घाला आणि फोन आपटा!"

पुढच्याच आठवड्यात त्यांच्यातल्या सावंत मास्तरांनी फोनवर एका चोराला अशा शिव्या घातल्या, की गल्ली गोळा झाली.

द्वारकाबाईंचे पैसे आले नाहीत. त्या लेकीकडे गेल्या, तिथेच वारल्या. मॅनेजरला बढती मिळाली. नव्या मॅनेजरने धडधाकट बाक आणला. दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी घरून काथ्या आणून त्याच्याही पायाला करकचून बांधला.