हणमंतसरांचा मोठा डाव

हणमंतसरांच्या हातात तीन राण्या आल्या होत्या आणि त्यांना घाम फुटला होता.

समोर आप्पासाहेब लोडाला टेकून बसले होते. लातुरात त्यांच्या दोन डाळमिली. वर्गात सर खडूचा तुकडा टेबलावर टाकत, तशी आप्पासाहेबांनी पाच हजारांची चाल गादीवर टाकली.

"घाई न्हाई सर," आप्पासाहेब म्हणाले. "चहा सांगू का तवर?"

सर कॉलेजात कायम नोकरीत होते, संख्याशास्त्र शिकवायचे. तीन राण्यांना हरवणारी पानं समोर असण्याची शक्यता किती, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आत्ताही त्यांनी मनात मांडणी केली. उत्तर आलं, खेळा. पण हात हलेना. हे पैसे गेलेच असं समजायचं, असं ठरवून ते घरून निघाले होते. पाकिटात होते तोवर ते पैसे होते. बाहेर काढायची वेळ आली तसं त्या पैशांचं भलतंच काही व्हायला लागलं. आधी गॅसचा सिलिंडर दिसला. मग बायकोनं, सरोजिनीबाईंनी, दुकानात हात लावून परत ठेवलेला मिक्सर. मग लेकीच्या मेसचा महिना.

इथवर त्यांना आणलं होतं शनिवारच्या डावानं. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बसवंतच्या खोलीवर दहा रुपयांची तीन पत्ती चालायची. त्या चटईवर सरांपुढं कुणी टिकत नसे. हातात काही नसलं तरी सर चाल वाढवत आणि बाकीचे पटापट पानं टाकत. मग सर समजावत, "छाती लागते रे. पैशाकडं बघितलं की निर्णय चुकतो." सगळे माना डोलावत. त्या माना बघूनच सरांना वाटलं होतं, आता आपण मोठ्या डावाला बसावं.

"पॅक," डाव सोडत सर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण फार बारीक.

आप्पासाहेबांनी पानं उलटून दाखवली. दुर्री, पंजी, नव्वी. "काहीच नव्हतं की हो सर!" ते हसले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. सरांनी आपल्या राण्या कुणाला दिसायच्या आत गड्डीत खुपसल्या आणि चहा फार छान झाल्याचं दोनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी बसवंतच्या चटईवर मांडी घातली तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. समोर शिवम होता. तासिकेवर शिकवायला निलंग्याहून मोटरसायकलवर येणारा तरुण मास्तर. सरांच्या हातात धड एक पान नव्हतं. सवयीनं त्यांनी चाल वाढवली. चाळीस रुपये.

शिवम पानांकडं बघत राहिला. कपाळ पुसलं. पुन्हा पानं बघितली.

"पॅक, सर."

टाकताना पानं उताणी पडली. बदामचा एक्का, राजा, राणी.

"अरे, एवढी पानं असून टाकलीस?" सर ओरडलेच. "तुला कळलं नाही का?"

"कळलं की सर. पण तासिकेचं बिल दिवाळीपासून निघालं न्हाई. चाळीस म्हंजे सोमवारचं पेट्रोल हाय."

आता सर समजावतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. सरांनी आपली पानं पालथीच गड्डीत खुपसली. इतकी वर्षं या चटईवर ते जिंकतच नव्हते. जिंकत होता सातवा वेतन आयोग.