चंद्रावर न चाललेला शब्द

डेल्बर्टनं टोपी घातली आणि खोलीच्या दारातूनच बायकोला विचारलं, "लोरेटा, गो की नो-गो?"

"गो," उशीवरून डोकं न हलवता लोरेटा म्हणाली.

चंद्रावर यानं गेली तेव्हा ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममध्ये डेल्बर्टबरोबर काम केलेली म्हातारी मंडळी वर्षातून एकदा जेवायला जमत. आज तो दिवस होता. त्याला न्यायला मित्राची गाडी बाहेर येऊन उभी होती. लोरेटाचं आता काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं. तरी डेल्बर्टला जायचं होतं. औषधांच्या वासातून दुपारभर सुटका हवी होती, आणि ती हवीशी वाटते याची त्याला शरमही वाटत होती.

"हे गो म्हणजे काय हो?" नव्यानं कामाला लागलेल्या येसेनिया नर्सनं विचारलं.

डेल्बर्ट खुलला. हे विचारणारं माणूस त्याला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

"यान सोडायच्या आधी आमचे साहेब एकेका टेबलाला विचारायचे. आपल्याकडचं सगळं ठीक असलं की म्हणायचं, गो. आमच्या घरातही लग्नापासून हेच चालतं. चंद्रावर माणसं उतरली तेव्हा मात्र तो शब्द आम्ही बाजूला ठेवला."

"का बरं?"

"अगं, उतरल्यावर 'गो' म्हटलं तर त्यांनी काय समजायचं? सगळं ठीक आहे, की निघा तिथून? जिवाशी खेळ व्हायचा. म्हणून तिथं विचारायचं, स्टे की नो-स्टे. राहायचं की..."

बोलता बोलता तो थांबला.

येसेनियानं लोरेटाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "मग आत्ता बाई काय म्हणाल्या? सगळं ठीक आहे, की जा?"

बाहेर हॉर्न वाजला.

डेल्बर्ट आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "लक्षातच आलं नाही."

"आलं होतं, डेल." लोरेटाच्या आवाजात राग नव्हता. तिनं त्याचा हात हातात घेतला. "स्टे विचारलं असतंस, तर मी स्टे म्हणाले असते. म्हणून तर विचारलं नाहीस."