फुलाचं पान

“आज पत्ते मी पिसणार,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “तू तिकडे बैस.”

सुनेला हसू आलं. वर्षाचा शेवटचा दिवस होता. नव्या वर्षात आपल्यासाठी काय वाढून ठेवलंय, हे विचारायला सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. टॅरोचे पत्ते मांडून तिची बोटं दुखत होती आणि बोलून बोलून घसा बसला होता. शेवटची बाई आत्ता कुठे जिना उतरून गेली होती. तरी ती मुकाट्याने उठली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. सासूबाईंना नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं, आणि तिची सगळी अडचण तिथेच होती.

खालच्या चष्म्याच्या दुकानात खोकी भरली जात होती. चष्मेवाले उद्या दुसऱ्या गावी चालले होते, दुकानासकट. लग्न करून बरोबर येतेस का, असं त्यांनी तिला सरळ विचारलं होतं, आणि आज दुकान बंद करायच्या आत उत्तर द्यायचं होतं. माणूस शांत, सज्जन. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता. पण नवरा गेला तेव्हा याच सासूबाईंनी तिला भरवलं होतं, रात्र रात्र शेजारी बसून काढल्या होत्या. त्यांना एकटं टाकून कुठल्या तोंडाने जायचं? तिने नकार ठरवून टाकला होता. फक्त तो सांगायला पाय उचलत नव्हता. घरात तिने यातलं अवाक्षर काढलेलं नव्हतं.

सासूबाईंनी पत्ते पिसले. निम्मे टेबलाखाली सांडले, ते गोळा करून पुन्हा पिसले. मग सुनेचाच गंभीर चेहरा करून म्हणाल्या, “पत्त्यांना भविष्य कळत नाही, बरं का. आपल्या प्रत्येकात एक राजा असतो, एक आई असते, एक संन्यासी असतो. येत्या वर्षात कोणाला पुढे बसवायचं, एवढंच आपण बघायचं.”

सून चाट पडली. तिचं वाक्य न् वाक्य जसंच्या तसं. पडद्यामागे बसून लोकांच्या शर्टांना गुंड्या लावता लावता सासूबाईंनी सगळा धंदा पाठ केला होता.

“ओढ एक.”

तिने पान ओढलं आणि उलटं केलं. कड्याच्या टोकावर उभा असलेला एक पोरगा. खांद्यावर काठीला बांधलेलं गाठोडं, हातात पांढरं फूल, पायाशी कुत्रा, आणि स्वारीची नजर आभाळात.

“फूल आलं,” सासूबाई खुशीत म्हणाल्या.

पत्त्याचं इंग्रजी नाव तेच होतं. त्याचा अर्थ मूर्ख. सासूबाई मात्र पोराच्या हातातल्या फुलावरून ते नाव पडलंय असं समजत, आणि आल्यागेल्याला कौतुकाने तसं सांगत. गिऱ्हाइकं ओठ दाबून हसायची. सुनेने त्यांना कधी सुधारलं नव्हतं.

“आता सांग. या चित्रातली तू कोण?”

हाही तिचाच प्रश्न. तिने पानाकडे बघितलं. “मी तो कुत्रा.”

“कुत्रा? का गं?”

“पाय मागे घे, असं सांगायला कोणीतरी नको का?”

“पाय मागे घ्यायचा होता, तर डोळे ठणठणीत असताना सारखी नंबर तपासायला खाली कशाला जात होतीस?”

सुनेचा चेहरा पडला. सासूबाई पत्त्यांचा गठ्ठा उगाचच सारखा करत राहिल्या.

“ते परवा वर आले होते, तू बाजारात गेलेलीस तेव्हा,” त्या म्हणाल्या. “मलाही चला म्हणाले. मी म्हटलं, माझी लेक पलीकडच्या गल्लीत आहे, कधीची बोलावतेय. मी तिच्याकडे जाईन. माझी काळजी तुम्ही दोघांनी करू नका.”

“आई, मी नाही म्हणणार आहे त्यांना.”

“पण पान तर फुलाचं आलंय.”

इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आता निघालं. ती चिडली होती, पण सासूबाईंवर नव्हे. “ते फूल नाहीये हो, आई. इंग्रजीत फूल म्हणजे मूर्ख. मूर्खाचं पान आहे हे. वर बघत कड्यावरून खाली पडणारा मूर्ख. माझं उत्तर आलं त्यात. या वयात घर सोडून जायचं, लोक हसतील, आणि हसले तर काय चुकलं त्यांचं?”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचा एवढासा आनंद, तोही आपण हिसकावून घेतला. ती माफी मागणार होती.

सासूबाईंना मात्र काही लागल्यासारखं दिसलं नाही. त्यांनी ते पान उचलून तिच्या हातात दिलं आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

“अर्थ मला ठाऊक आहे. तुझे सासरे चारचौघांत मला याच नावाने हाक मारायचे. मी फूल ऐकत गेले, म्हणून या घरात राहू शकले. तू फूल ऐक, आणि जा.”